थोरली, धाकटी आणि आमचा बुधवार

माझे मिस्टर गेले त्याच वर्षी मी पुन्हा नोकरीवर रुजू झाले. सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं. भिवंडीच्या वेशीवरच्या सरकारी दवाखान्यात नर्सची जागा रिकामी होती, आणि मी बाजारपेठेमागे भावाच्या घरी राहत होते. भाऊ शाळेत मास्तर. वहिनी मनाने चांगली, पण माझ्यासमोर मोठ्याने हसायची नाही, मुलांनाही हसू द्यायची नाही. मी पहाटे उठायची, पांढरी साडी नेसायची, डबा घेऊन निघायची. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हतं. दात काढायच्या आधी सुई दिलेल्या हिरडीवर जीभ फिरवावी, तसं चाललं होतं. आपलंच तोंड, पण आपलं वाटत नाही.

दवाखान्यात आम्ही तिघंच. डॉक्टर वऱ्हाडातले, कोवळ्या वयाचे, पहिलीच नेमणूक. कंपाउंडर राहनाळचे. घरची भातशेती, निवृत्तीला टेकलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. आणि मी.

म्हाताऱ्यांना बघायला घरी जायची कल्पना डॉक्टरांची. तोवर रीत अशी होती, की मुलगा नाहीतर सून रिकामी बाटली घेऊन यायची. "म्हाताऱ्याला खोकला हाय, औषद द्या." मामा लाल मिक्श्चर भरून द्यायचे. म्हातारा कुणी बघितलेला नसायचा. एके दिवशी डॉक्टरांनी भरलेली बाटली मामांच्या हातून काढून घेतली आणि म्हणाले, "माणूस न बघता औषध देणं आता पुरे." मग बुधवारी दुपारी ते एकटेच गावं फिरायला लागले. दोन-तीन बुधवार झाले असतील. एकदा परत आले ते चिडूनच. छातीतलं ऐकू येतं, पण माणसं काय बोलतात ते अर्धं कळत नाही. आणि म्हातारी दिवसभरात काय खाते, संडासला कशी जाते, हे पुरुषमाणसाला कोणी सांगत नाही.

"आपण तिघंही जाऊ," ते म्हणाले.

"आन दवाखाना?" मामांनी विचारलं.

"बुधवारी दुपारी बंद."

असं ते सुरू झालं. घरात शिरलो की डॉक्टर नाडी, छाती, पोट बघायचे. मी पाठ, टाचा आणि अंथरूण बघायची. मामा ओटीवर घरच्यांत बसून चहा घेता घेता काढून घ्यायचे, की जेवण कोण देतं, रात्री पाणी कोण देतं, कोणाचं कोणाशी पटत नाही. मग रस्त्याला लागलो की तिघं बोलायचो. आधीच्या दवाखान्यांत मी डॉक्टर सांगतील तेवढंच करायची. हे डॉक्टर विचारायचे, "सिस्टर, काय करायचं?" मला जे दिसलं ते मी सांगायची. दिसायचं सगळं. त्याचं पुढे आत काही व्हायचं नाही.

शेलार गावात त्या दोघी भेटल्या त्या अशाच एका बुधवारी. मामा पुढे होते. घराच्या ओटीवर एक म्हातारी पाय पसरून, भिंतीला टेकून बसली होती. दुसरी उकिडवी बसून जमिनीवर हात फिरवत होती, आणि टेकून बसलेली तिला सांगत होती, "उजवीकडं. पाट हाय बघ. त्याच्या अलीकडं तांब्या. न्हाय, ती माझी काठी. अजून अलीकडं."

मामा हळूच म्हणाले, "जावा हायत. दोघी रांडाव. थोरली पडली, तिचा खुबा मोडला, त्याला झाली वर्सं. धाकटीला दिसत न्हाय."

थोरलीला मूलबाळ नव्हतं. धाकटीचा एकच मुलगा, तो भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला. घरात या दोघीच. मी थोरलीची पाठ बघायला म्हणून तिला आत न्या म्हटलं, तर धाकटी लगेच उठली. तिने थोरलीच्या काखेत हात घातले, थोरलीने तिच्या गळ्याला मिठी मारली, आणि दोघी मिळून चालायला लागल्या. थोरलीचे पाय नुसते लोंबत होते. तोंड मात्र चालू. "सरळ चल. उंबरा आला, पाय उचल. थांब थांब, कोंबडी हाय. हाड! हां, आता चल."

डॉक्टर बघतच राहिले.

थोरलीच्या माकडहाडाशी जखम होती, बोट जाईल एवढी खोल. तिला ती दिसत नव्हती, कारण ती पाठीमागे होती. आणि धाकटीला दिसत नव्हती, कारण तिला काहीच दिसत नव्हतं. धाकटी रोज तिथे हळद-तेल लावायची, अंदाजाने, जखमेच्या बाजूला. डॉक्टरांनी धाकटीच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. एक मोतीबिंदू पुरता पिकलेला, दुसरा पिकायच्या बेतात.

रस्त्यात डॉक्टर म्हणाले, "पुढच्या महिन्यात भिवंडीत डोळ्यांचं शिबीर आहे. पिकलेला डोळा करून घेऊ. तिला दिसायला लागलं तर अर्धे प्रश्न मिटतात."

मामा सायकल हातात धरून चालत होते. "साहेब, चाललंय त्यांचं," ते म्हणाले.

"चाललंय कुठं, मामा? एक दिवस दोघी एकदमच पडतील."

मी म्हटलं, "जखम रोज धुवायला हवी. मला रोज यायला जमणार नाही. धाकटीला दिसलं तर तिला मी शिकवीन."

मामांनी जरा विचार केला. "तसं असंल तर करून घ्या," ते म्हणाले. यात कोणाचा हट्ट नव्हता. तिघांनी मिळून ठरवलं, आणि ठरवलं ते बरोबर होतं. आजही मला तसंच वाटतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी दोघींना समजावून सांगितलं. धाकटीने थोरलीकडे तोंड वळवलं. थोरलीने विचारलं, "हिचं डोळं झालं तर माझं काय?"

"तुमचं भलंच होईल, आजी. जखम भरेल."

"बरं," थोरली म्हणाली. "न्या तिला."

शिबीर एका शाळेत होतं. वर्गातले बाक बाहेर काढून जमिनीवर ओळीने सतरंज्या टाकल्या होत्या, आणि माणसं डोळ्यांना पट्ट्या बांधून उताणी पडली होती. डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही. धाकटी लाकडासारखी पडून राहिली. माझी चाहूल लागली की फक्त ओठ हलायचे. "बाय, तिला कोणी उचललं काय? मागं नेली काय?"

"नेली. तुम्ही बोलू नका."

थोरलीचं आम्ही वाटून घेतलं होतं. सकाळी मामा राहनाळहून सायकलने जायचे, दुपारी मी, आणि संध्याकाळी शेजारीण भाकर द्यायची. मी थोरलीला उचलून मागच्या दारी न्यायला लागले की ती माझ्या कानाशी म्हणायची, "उंबरा."

"मला दिसतोय, आजी."

"व्हय, तुला दिसतंय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "उंबरा. पाय उचल."

पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा मिळाला. मामांनी कुणाची तरी बैलगाडी बघितली आणि आम्ही धाकटीला शेलारला परत घेऊन आलो. ती ओटीखाली उभी राहिली. आधी तिने घराचं छप्पर बघितलं, मग कोनाडा, मग स्वतःचे हात पालथे करून बघितले. मग थोरलीकडे बघितलं. चष्म्यामागे तिचा डोळा भला मोठा दिसत होता.

"आगं," ती म्हणाली, "तू एवढीशी झालीस?"

थोरलीने पदर ओढून तोंडावर घेतला.

मी धाकटीला जखम धुवायला शिकवलं. पाणी उकळायचं, त्यात मीठ टाकायचं, निवू द्यायचं, जुनेराच्या घड्या उन्हात वाळवायच्या. ती पहिल्यांदा जखम बघून बाहेर जाऊन बसली. मग परत आली आणि शिकली. दोन महिन्यांत जखम कडेने भरत आली. डॉक्टर भलतेच खूश. जिल्ह्याहून मोठे साहेब आले तेव्हा त्यांना आवर्जून शेलारला घेऊन गेले. मीही गेले होते. जखमेचं तोंड किती आकसलं ते मी दाखवलं. साहेब म्हणाले, छान.

त्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर थोरली मला म्हणाली, "बाय, ती आंधळी व्हती तवा बरं व्हतं. आता बगत बसते. ह्ये हाड दिसतंय, त्ये हाड दिसतंय. जेव म्हणते, आंग धू म्हणते. मीच तिला सांगायची आदी."

मी तिच्या टाचांना तेल लावत होते. "काळजीने म्हणतात," मी म्हटलं.

"व्हय, काळजीनंच," ती म्हणाली.

मग एका बुधवारी गेलो तर ओटीवर थोरली एकटी. शेजारणीने भाकर आणि पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला होता. धाकटीचा मुलगा येऊन आईला घेऊन गेला होता. त्याची बायको तिसऱ्यांदा बाळंत झाली होती, घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायचं मशीन होतं, पोरं बघायला कोणी नव्हतं. आता आईला दिसत होतं.

"मीच जा म्हनले," थोरलीने सांगितलं. "नातवंडं हायत तिची."

डॉक्टर झपझप रस्त्याला लागले. मग म्हणाले, "मी त्या मुलाशी बोलतो. आजच. सिस्टर, तुम्ही चला."

भिवंडीत शिरलं की लूमची खटखट सुरू व्हायची, आणि त्या गल्लीत तर माणसाला ओरडूनच बोलावं लागत होतं. एक खोली. कोपऱ्यात चूल, दाराशी कांडीचं मशीन, वर दोरीवर बाळुत्यांची रांग. धाकटी मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. एक पोर तिच्या पाठीला लटकलं होतं आणि चष्म्याला हात घालत होतं. मुलगा रात्रपाळी करून नुकताच झोपलेला, तो डोळे चोळत उठला. आम्हाला बघून त्याने आधी अंगात सदरा घातला.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या काकूला एकटीला टाकून आलात तुम्ही."

"काकू न्हाय, मोठी आय म्हनतो मी तिला," तो म्हणाला. "तिच्याच हातचं खाऊन वाढलोय. माझी आय शेतावर जायची, ती मला घेऊन घरी असायची. मला म्हाईत न्हाय काय?" मग त्याने हाताने खोली दाखवली. "तुम्हीच बघा डाक्टर. कुठं झोपवू दोघींना? माझी ड्युटी बारा घंट्यांची. हिचं अजून आंग भरलं न्हाय. सांगा ना, कुठं?"

डॉक्टरांनी खोली बघितली. त्याची बायको मशीनपाशी उभी होती, तिने चहा ठेवला. धाकटी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. मी उठले तेव्हा तिने माझ्या साडीचा काठ धरला.

"पू न्हाय ना झाला?" तिने विचारलं. लूमच्या आवाजात मला ते तिच्या ओठांवरून कळलं.

"नाही," मी म्हटलं.

खरंच नव्हता. झाला असता तर झाला, हेही मी तितक्याच कोरडेपणाने सांगितलं असतं.

पुढच्या बुधवारी रस्त्यात डॉक्टरांचं आणि मामांचं वाजलं. डॉक्टरांचं म्हणणं, थोरलीला ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं. मामा म्हणाले, तिथे तिला कोण ओळखतं, व्हरांड्यात पडून राहील. डॉक्टर म्हणाले, इथे ओटीवर पडून आहे त्याचं काय?

"मग चुकलं का माझं, मामा? डोळे नको होते करायला?"

"मी कुठं तसं म्हनलो साहेब? दिलं त्ये काय परत घ्यायचं असतंय?"

दोघं थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तिलाच विचारू." विचारलं. थोरली म्हणाली, न्हाय. मग मी सांगितलं, की सकाळच्या एसटीने मी आधी शेलारला उतरेन, तिचं करेन आणि मग दवाखान्यात येईन. मामा संध्याकाळी घरी जाताना वळसा घालून डोकावतील. दवाखान्याला मला थोडा उशीर होईल, तो डॉक्टरांनी सांभाळावा. डॉक्टर म्हणाले, सांभाळतो. पुढचे कित्येक आठवडे आम्ही तसंच केलं.

सकाळी मी तिला धुवून, कोरडी करून, उन्हात बसवायची. ती फार बोलायची नाही. धाकटी कधी कधी रविवारी यायची, पण मग पोरांना घेऊन यायची आणि अंधार पडायच्या आत निघायची. एकदा मी थोरलीची वेणी घालत होते. केस उंदराच्या शेपटीएवढे उरले होते. तिने मागे न बघता विचारलं, "तुजा धनी कशानं गेला?"

"कावीळ झाली होती."

"लय रडलीस?"

"नाही. आलंच नाही रडू."

"अजून?"

"अजून."

"माझाबी गेला तवा लोकं म्हनली, दगड हाय बाई," ती म्हणाली. "मी म्हनलं, आसंन." मग म्हणाली, "जरा घट्ट घाल, सुटते ती." मी वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली. यापेक्षा जास्त त्या विषयावर मी त्या वर्षात कुणाशी बोलले नाही.

मग भाताची कापणी झाली, सकाळी गारवा पडायला लागला, आणि थोरली खायची थांबली. पेज दिली तर दोन घोट घ्यायची. डॉक्टरांनी तपासलं, आणि बाहेर येऊन आम्हा दोघांना म्हणाले, "आता औषधाने होण्यासारखं नाही." मामांनी मान हलवली. मीही हलवली. या वेळी ठाण्याचं नाव कोणी काढलं नाही.

तिला शेवटी नेलं ते मात्र आमच्यामुळे नाही. एका रविवारी धाकटी आली होती, तिने घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी सून नवऱ्याला म्हणाली, कांडीचं मशीन बाहेर ओट्यावर ठेवते, मोठ्या आईला दाराशी जागा होईल. ओट्यावर ऊन, धूळ, आणि मांडीवर तान्हं घेऊन कांड्या भरायच्या. तिने ते केलं. मुलगा टेम्पो घेऊन शेलारला गेला, थोरलीला गोधडीसकट उचललं आणि खोलीत आणून झोपवलं. मला हे मामांकडून कळलं. मी दवाखान्यात पट्ट्या कापत होते, त्या कापून झाल्या, मग डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "सुनेने?" आणि खुर्चीत बसून राहिले.

बुधवारी आम्ही तिघं त्या खोलीत गेलो. बसायला जागा नव्हती, मामा बाहेर ओट्यावरच थांबले. लूमच्या आवाजात थोरलीचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि तिनेही बोलायचं सोडून दिलं होतं. धाकटीने एका हाताने पाळण्याची दोरी धरली होती, दुसऱ्या हाताने ती थोरलीच्या ओठांना पाणी लावत होती. जखम मी उघडून बघितली. कोरडी होती.

ती गेली तेव्हा दुपार होती. धाकटी नळावर गेली होती. आम्हाला निरोप आला तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. ती संपवून आम्ही गेलो. शेजारचे लूमवरचे उत्तरेकडचे कामगार शिफ्ट सोडून आले होते, बांबू बांधत होते. "चाची को हम लोग भी कंधा देंगे," असं एक जण मुलाला सांगत होता. त्या गल्लीतले काही लूम बंद केले होते. त्यामुळे धाकटीचा आवाज नीट ऐकू आला.

"आंधळी असते तर हात लावल्यावर कळलं असतं," ती मला म्हणाली. "घागर ठेवून, जवळ बसून, मग हात लावला असता. ह्ये मला दारातूनच दिसलं, बाय. घागर कडंवर व्हती."

मी तिच्या शेजारी बसले. सुनेने मला पाणी दिलं, ते मी प्यायले. मग धाकटीने आणि मी मिळून थोरलीला आंघोळ घातली, आणि मी तिची पाठ धुतली.

संध्याकाळी घरी गेले. वहिनीने विचारलं, उशीर झाला? मी हो म्हटलं. जेवले. भात होता, आमटी होती. झोपही लागली.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा शिबीर होतं. डॉक्टरांनी रस्त्यात विषय काढला, की धाकटीचा दुसरा डोळा आता पिकला असेल. चालता चालता शेलारचा फाटा मागे पडला. मग मामा म्हणाले, "इचारून तर बघू." आम्ही विचारायला गेलो. धाकटी नातीच्या केसांतल्या उवा बघत होती. ती लगेच म्हणाली, "करा. एका डोळ्यानं रस्ता वलांडता येत न्हाय, टरक लय झालेत. हिला शाळंत सोडायला मीच जाते."

त्याच शाळेत, तशाच सतरंजीवर ती पडली. डॉक्टरांची बदली झाली होती, पण जायच्या आधी ते एकदा येऊन तिला बघून गेले. मामा डोळ्यांत औषध घालत ओळीने पुढे सरकत होते. मी तिच्या उशाशी बसले. या वेळी तिने कोणाचं काही विचारलं नाही. नुसता हात लांब केला आणि माझा हात धरला. मला बाकीच्या ओळी बघायच्या होत्या, त्या दुसऱ्या बाईला बघायला सांगितल्या. आमच्या हातांना घाम आला तेव्हा मी हात सोडवून पदराला पुसला आणि परत दिला.